नवतप्यातली खरवड

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं ऊन लागलं. नागपुरात राहून उन्हाने डोकं फिरवून घ्यायचं म्हटलं, तर वर्षातला निम्मा काळ डोक्यावर ओला पंचा ठेवून बसावं लागेल. उन्हाचं मला काही नाही. तोंडाला दुपट्टा बांधला, पर्समध्ये कांदा टाकला, की मी भर दुपारी पायी निघते. माझं डोकं फिरतं ते वासाने. या दिवसांत दुकानाचं शटर वर केलं की तापलेल्या रबराचा, ग्रीसचा, थिनरचा भपकारा अंगावर येतो, आणि त्याच्या तळाशी शेलॅकचा गोडसर, करपलेला वास असतो. तो नाकात गेला की मी दिवसभर कुणाशी ना कुणाशी भांडते.

दुकान इतवारीत, भांडेबाजाराच्या मागच्या गल्लीत. इंजिनांच्या सुट्या भागांचं. मी काउंटर सांभाळते. समोर ऑइल सील, बेअरिंग, पॅकिंगचे गठ्ठे, आणि काचेच्या कपाटात सिलिकॉनच्या ट्यूबा, लाल, काळ्या, करड्या. इंजिनाचे दोन भाग जिथे जुळतात तिथून तेल गळू नये म्हणून लावायची ही पेस्ट. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ताई, मोठी ट्यूब द्या. मी विचारते, जुनं काढलं का? तो म्हणतो, कायले काढाचं, वरूनच चोपडतो, डब्बल बसते. झालं. तिथून पुढे मी जे बोलते ते ऐकून दोन दुकानं पलीकडचा चहावाला केटली खाली ठेवतो. आमचे शेठ हात जोडून म्हणतात, शोभाताई, माल विका, शाळा काढू नका. मी ट्यूब विकते. पण विकताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे असं बघते की तो उरलेले सुटे पैसे न मोजता खिशात टाकतो.

यंदा तर विचारूच नका. नवतपा लागायच्या आदल्या दिवशी एक मिस्त्री आला होता, ओळखीचा, बोलका. बायकामुलांना घेऊन वैनगंगेवरच्या धरणाच्या पाण्यावर बोटीत फिरून आला होता. बोटवाला मोठा गमतीदार माणूस आहे म्हणाला. पाण्याच्या मध्यावर नेऊन गोष्टी सांगतो. इथंच आमचा डोंगा बुडाला होता म्हणतो, कारण आमचं इंजिन चाले डिझेलवर अन् आमचा बाप चाले मोहाच्या दारूवर. सगळी बोट हसली, म्हणाला. मिस्त्री सांगतानाही हसत होता. माझ्या हातात त्याला द्यायचं ऑइल सील होतं, ते मी परत डब्यात ठेवलं आणि शेठना म्हणाले, यांचं तुम्ही बघा. मागच्या खोलीत जाऊन कूलरसमोर उभी राहिले. तो बोटवाला माझा सख्खा मोठा भाऊ. आणि ज्याच्यावर बोट हसली ते आमचे बाबा.

आमचं गाव कुही तालुक्यात, नदीकाठचं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि आम्हाला वर माळावर पत्र्याच्या घरांत आणून बसवलं. काहींची शेतं पलीकडच्या तीरावर राहिली, काहींच्या लेकी पलीकडे दिलेल्या होत्या. पूल होता, पण त्याचा वळसा असा की माणूस जाऊन येईपर्यंत दिवस संपावा. म्हणून बाबांचा डोंगा चालायचा. आम्ही ढिवर, नाव आणि जाळं हाच धंदा. आजोबांपर्यंत वल्ह्याचा कारभार होता. बाबांनी कुणाच्या तरी विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आणून डोंग्यावर बसवलं, त्याला दांडा आणि पंखा जोडला. पहिल्यांदा ते सुरू झालं तेव्हा बगळे उडाले आणि आजोबा रुसून दोन वेळ जेवले नाहीत, असं आई सांगायची.

नवतप्यात पाणी उतरायचं. काठाला चिखल उघडा पडून त्याच्या खपल्या वळायच्या, बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे पाण्यातून वर यायचे. कुणी पलीकडे जायला मागायचं नाही. तेव्हा डोंगा काठावर ओढायचा आणि उलटा घालायचा. बुडाला डांबर थापणं हे पुरुषांचं काम. इंजिन उघडलं की त्याचे भाग साफ करणं आईचं आणि माझं. भांडी घासणाऱ्या हातालाच ते जमतं असं बाबा म्हणायचे. मला त्याचा राग यायचा. पण खोटं कशाला बोलू, ते काम मला मनापासून आवडायचंसुद्धा.

साइड कव्हर आणि चेंबर, हे दोन भाग मुख्य. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेली तेलाची परात. ते काळं तेल ओतून टाकायचं, डिझेलने धुवायचं, की कडेला गेल्या वर्षीचं पॅकिंग दिसायचं, दोन भागांच्या मध्ये घालायचं, कागदाचं, करपून चिकटलेलं, वर शेलॅकचा तपकिरी थर. शेलॅक म्हणजे शेवटी लाखच, झाडावरची. ती उन्हाला मऊ पडते, आणि बाबांनी हे हेरलेलं होतं. थिनरला पैसे पडतात आणि नवतप्यात ते बाटलीतून चिंधीवर येईस्तोवर उडून जातं. म्हणून दोन्ही भाग भर दुपारी घराच्या पत्र्यावर पालथे ठेवायचे. ते इतके तापायचे की गोणपाटाने धरून उतरवावे लागत. उतरवले की मोहाच्या सावलीत बसायचं आणि थंड व्हायच्या आत खरवडायचं.

खरवडायला लोखंड चालायचं नाही. चाकू नाही, पट्टी नाही, जुनं ब्लेड तर नाहीच. कव्हर ॲल्युमिनियमचं, त्याच्यावर एक ओरखडा उठला की तिथून तेल जन्मभर झिरपतं. बाबा बांबूच्या कामट्या तासून द्यायचे, उलथन्यासारख्या पुढे चपट्या. भोकांत आधी चिंध्या कोंबायच्या, म्हणजे खरवडलेला कण आत पडायला नको. मग कामटी आडवी धरून रेटायची. तपकिरी साल वळत वळत पुढे सरकायची, गरम गुळासारखी, आणि तो वास सुटायचा. शेवटी बाबा यायचे. डोळे मिटून कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. "नख अटकलं तं अजून हाये," एवढंच बोलायचे आणि जायचे. मी पुन्हा कामटी हातात घ्यायचे. त्यांचं नख एका फेरीत न अडकता फिरलं, तर तो दिवस मला सणासारखा वाटायचा.

नवं बसवतानाही तसंच. कागद कव्हरवर धरून छोट्या हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने ठोकत ते पॅकिंग कापायचे. शेलॅक बोटाने लावायचे, इतकं पातळ की कागदाची रेघ खालून दिसावी. मी एकदा म्हटलं होतं, बाबा, एवढं कमी लावलं तर गळेल ना. ते म्हणाले, जे दाबल्यावर बाहेर येतं तेवढंच आतही जातं, आणि आत गेलेलं कोण काढणार आहे. त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मी तेव्हा लक्षही दिलं नाही.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे त्या वर्षी नवतप्यात बाबांना ऊन लागलं. डांबर तापवताना भोवळ येऊन पडले. ताप उतरेना, डोळे लालभडक, खाटेवरून उठले तर पाय लटपटत. आई कैरीचा गर त्यांच्या तळपायांना चोळत बसायची. इकडे मृग तोंडावर आलेला, लोकांना बियाणं घेऊन पलीकडच्या शेतात जायचं होतं, रोज कुणी ना कुणी दारात येऊन विचारायचं, डोंगा कधी सोडता. तेव्हा दादा म्हणाला, मी बसवतो इंजिन.

दादाला इंजिन येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्याचा हात डांबराचा. लहानपणापासून आजोबांसोबत त्याने डोंग्याचं बूड केलेलं. लाकडाच्या फटीत दोर कोंबायचा आणि वर डांबर थापायचं, जेवढं जाड तेवढं चांगलं. थोडं जास्त झालं तर कुणी मरत नाही, उलट एखादा पावसाळा जास्त निघतो. पाण्यावर जगणाऱ्या आमच्या घराची अक्कल एवढीच होती, की फट दिसली की थाप. त्याने कुहीच्या बाजारातून लाल सिलिकॉनची ट्यूब आणली होती. मी कव्हर आणि चेंबर साफ करून दिलं, नख फिरवूनही दिलं. पॅकिंग कापायला वेळ नाही म्हणाला. आणि त्या स्वच्छ कडेवर त्याने बोटभर जाडीची लाल वेटोळी पिळली, ट्यूब संपेपर्यंत.

मी म्हटलं, बाबा एवढं लावत नाहीत. तो हसला. "तेल गळालं नाई पायजे ना? मंग जाड लावलं पायजे," म्हणाला. बोल्ट आवळले तसं बाहेर लाल पेस्ट फुगून आली, त्याने ती अंगठ्याने सारखी केली, डांबर करतात तशी. आत काय फुगलं ते कुणाला दिसणार. खाटेवरून बाबांनी विचारलं, पॅकिंग टाकलं का रे. दादा हो म्हणाला.

डोंगा काही दिवस उत्तम चालला. एक थेंब तेल गळलं नाही. बाबा उठून बसायला लागले, आणि मृगाच्या आदल्या दिवशी आईचं न ऐकता स्वतः सुकाणूला गेले, कारण त्या दिवशी बियाण्याच्या गोण्या होत्या आणि वारं सुटलेलं होतं. पाण्याच्या मध्यावर इंजिन जागच्या जागी आवळलं. तेल वर चढत नव्हतं, कोरड्या लोखंडाने लोखंडाला धरलं. डोंगा वाऱ्याबरोबर सरकत बुडालेल्या झाडांत गेला, एका खोडावर आडवा अडकला आणि कलंडला. गोण्या गेल्या. दोन बकऱ्या गेल्या. माणसं सगळी निघाली, बहुतेकांना पोहता येत होतं आणि ज्यांना येत नव्हतं त्यांना बाबांनी एकेक करून झाडांच्या फांद्यांवर चढवलं. सगुणामाय त्यातली एक, आमच्याच वस्तीतली, पलीकडे लेकीच्या शेतावर निघालेली.

इंजिन काढून आणलं आणि अंगणात उघडलं. चेंबर मीच उतरवलं. तळाशी तेल वर ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळीची गाळणी असते. ती गाळणी लाल झाली होती. सिलिकॉनचे फुगलेले तुकडे आतून सुटून तेलात पडले होते आणि गाळणीने ते ओढून ओढून स्वतःच्या तोंडात कोंबले होते, लिंबाएवढा गोळा. मी तो नखांनी उपसून काढला आणि तळहातावर धरून घरातल्या सगळ्यांना दाखवला. दादाचा चेहरा राखेसारखा झाला. कुणी काही बोलायच्या आत बाबांनी तो माझ्या हातावरून उचलला, काठापर्यंत चालत गेले आणि पाण्यात फेकून दिला.

मी ओरडायला लागले. जे काय ते वस्तीला ऐकू जाईल असं सांगणार होते, तेवढ्यात आईने तेलकट हाताने माझ्या थोबाडीत दिली. "तुह्या भावाचं लगन जुळून राहिलं वं. तोंड बंद ठेव," म्हणाली. नंतर साबणाने कितीही धुतलं तरी गालावरची चार बोटं दोन दिवस काळीच राहिली. मी त्या खुणा घेऊन मुद्दाम पाण्याला गेले, कुणीतरी विचारावं म्हणून. कुणीही विचारलं नाही.

कारण तोवर गावाला उत्तर मिळालं होतं. डोंगेवाला पिऊन होता. डोळे लाल होते, पाय लटपटत होते, आम्ही पाहिलं. ते कुठून सुरू झालं मला कळलं नाही, पण संध्याकाळपर्यंत ते प्रत्येक दारात पोचलेलं होतं. बाबा घेतच नव्हते असंही नाही. होळीला घ्यायचे, पोळ्याला घ्यायचे. पण इंजिनाला हात लावायच्या दिवशी त्यांनी कधी दारूला तोंड लावलं नाही, आणि हे ज्यांना ठाऊक होतं तेही माना डोलवत राहिले. दादाचं लग्न ठरलं. मुलीकडचे बैठकीत म्हणाले, पोरगा कष्टाळू आहे, बापासारखा नाही. बाबा समोर बसून होते. त्यांनी पाहुण्यांना स्वतःच्या हाताने पान दिलं. मी आत चुलीपाशी होते आणि माझ्या हातात जळतं लाकूड होतं, ते मी खाली ठेवलं याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

त्यानंतर बाबांच्या डोंग्यात कुणी बसलं नाही. दादाने पुढे नवा घेतला. बाबा दारात बसून जाळी विणायचे. रस्त्याने जाणारी पोरं तोंडाला अंगठा लावून दारू पिण्याची नक्कल करायची आणि ते मान वर करायचे नाहीत. ते गेले तेव्हाही मसणवटीत कुणीतरी हळूच म्हणालं, माणूस चांगला होता, पण सवय वाईट. मी आईवर चिडले, दादावर चिडले, गावावर चिडले. सगळ्यांत जास्त बाबांवरच. त्यांनी तो गोळा पाण्यात का फेकावा? माझ्या हातात पुरावा होता. मग माझं लग्न झालं, मी नागपूरला आले, शहरात शंभर कामं सोडून इंजिनांच्या दुकानातच नोकरी धरली. नवऱ्याला वाटतं, वडिलांच्या आठवणीने. मला तर वाटतं, भांडायला जागा हवी म्हणून.

तर यंदा, त्या मिस्त्रीने ती गंमत सांगितली आणि चौथ्या पाचव्या दिवशी दादा स्वतः दुकानात उभा. खांद्यावर गोणी. गोणीत साइड कव्हर आणि चेंबर. आता त्याची बोट पक्की आहे, रंगीत छत, खुर्च्या, दर रविवारी नागपूरची माणसं. कव्हरमधून तेल गळतं आणि बायांच्या साड्यांना डाग पडतात म्हणाला. तुझ्यासारखं कुणी साफ करत नाही, म्हणाला. हे म्हणताना त्याने डोकं जरा कलतं केलं, बाबा करायचे तसं. मी गोणी घेतली. त्या गमतीबद्दल एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर दुकानातच बोलले असते आणि ते शेठना परवडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली. गच्चीवर दोन्ही भाग पालथे ठेवले. नागपूरच्या नवतप्याला पत्रा लागत नाही, उघडी फरशी पुरते. पण सिलिकॉनला ऊन लागत नाही. शेलॅकसारखं ते मऊ पडत नाही, हट्टाने रबर ते रबरच राहतं, चिमटीने धरून ओढत तोडत काढावं लागतं. थरावर थर होते, लाल, त्यावर काळा, त्यावर करडा. प्रत्येक वेळी जुन्यावर नवं थापलेलं. आणि आतल्या कडेला शेवयांसारखे लोंबणारे तुकडे, काही अर्धवट सुटलेले. एवढं सगळं झाल्यावर, एवढ्या वर्षांनी, हा माणूस तेच करत होता. मी भर उन्हात गच्चीवर बसून मोठ्याने शिव्या दिल्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

कामटी मीच तासली होती. दिवसभर खरवडलं. दुपारनंतर चेंबरच्या एका कोपऱ्यात, सगळ्या रबराच्या खाली, तपकिरी रेघ लागली. आधी मला गंजच वाटला. कामटी लावली तर तो वळत पुढे आला, आणि वास सुटला. शेलॅक. म्हणजे हे चेंबर जुनंच होतं. दादाने नव्या बोटीवर इंजिनाचं डोकं बदललं, पिस्टन बदलला, पण तेलाची परात बाबांचीच ठेवली होती. त्या कोपऱ्यात माझी कामटी कधी पोचली नसावी आणि बाबांचं नखही. मी तो खरवडला. रडत नव्हते, चिडून घाम आला होता. शेवटी डोळे मिटून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं, ते कुठेही अडकलं नाही.

मृगाच्या आधीच्या रविवारी पहाटेची गाडी धरून मी दोन्ही भाग घेऊन गावी गेले. पॅकिंग काउंटरवरून कापून नेलं होतं, शेलॅकची बाटलीही. दादाला म्हटलं, बाजूला हो. मी बसवलं. बोटाने लावलं, पातळ. तो मध्ये एकदा खिशातून ट्यूब काढायला गेला, माझ्याकडे बघून त्याने ती परत खिशात टाकली. इंजिन सुरू झालं. तो म्हणाला, चल, एक फेरी मारून बघू. तेवढ्यात काठीवर भार देत सगुणामाय आली. खूप म्हातारी झाली आहे. लेकीकडे जायचं होतं. आम्ही तिघं निघालो.

पाण्याच्या मध्यावर झाडांचे शेंडे दिसायला लागले तसं माझ्याने राहवलं नाही. सगुणामायच्या शेजारी बसून मी सांगून टाकलं. पेस्ट, गाळणी, गोळा, सगळं. दादा मागे सुकाणूला होता, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी माझ्या बापाला दारुडा ठरवलं आणि तो प्यायलेला नव्हता.

सगुणामायने पदराने तोंड पुसलं. "मले मालूम हाये पोरी," ती म्हणाली. "त्यानं मले बगलेत धरून त्या झाडावर चढवलं. त्याचं तोंड माह्या तोंडापाशी होतं. दारूचा वास काही लपते का? काहीच वास नोता."

मग काहून नाही बोललीस, मी विचारलं.

"कोनाले बोलू? त्याच दिवशी गावची बैठक बसली, सरपंचानं इचारलं इंजिन काहून बंद पडलं, तं तुहा बाप सोता उभा राहून म्हने, मी घेतली होती. त्यानं आपल्या तोंडानं सांगतलं. मंग मी त्याले सर्व्यायसमोर खोटं पाडू का?"

मी दादाकडे वळले. तो पाण्याकडे बघत होता. तू होतास बैठकीत, मी विचारलं. त्याने मान हलवली. होता. माझ्यापर्यंत ती बैठक कधी आलीच नव्हती. बायका आणि पोरी घरात होत्या. एवढी वर्षं मी शोधत होते की ही अफवा कुणी सोडली, आणि ती बाबांनी स्वतः, पायांवर नीट उभं राहता येत नसताना, उभं राहून सांगितली होती.

"बाबानंच म्हटलं होतं वं," दादा हळूच म्हणाला. "मी नवीन काय सांगून राहिलो?"

"त्यायनं तुह्यासाठी सांगतलं, दादा," मी म्हणाले. "तू लोकायले हसवासाठी सांगून राहिला."

इंजिन एकसारखं चाललं होतं. सगुणामायने काठी आडवी मांडीवर घेतली आणि ऊन वाढायच्या आत पोचव म्हणाली. दादाने तिला पलीकडे हात धरून उतरवलं. परत येताना कव्हरच्या कडेला मी बोट लावून पाहिलं, कोरडं होतं.

अलीकडच्या काठावर रविवारची माणसं येऊन थांबली होती. नागपूरचं कुटुंब, आजीआजोबा, दोन लहान मुली, गॉगल, टोप्या, थंड पाण्याचा जार. सगळी चढून खुर्च्यांवर बसली. दादाने दोर सोडायला हात घातला. तेवढ्यात त्यातला एक जण, चांगला हसतमुख माणूस होता, मोबाइल वर धरून म्हणाला, भाऊ, आमच्या मित्रानं सांगितलं, तुमच्याकडे तो डोंगा बुडाल्याचा किस्सा आहे म्हणे, डिझेल आणि दारूचा, तो आधी सांगा. मुली पण हसायला तयार होऊन बसल्या.

दादा दोर हातात घेऊन तसाच वाकलेला राहिला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मला ते चांगलं आठवतं, कारण मी त्याने बघावं म्हणून त्याच्यावर डोळे रोखून उभी होते.

"नाई जी," तो म्हणाला. "पिऊन कोनी नोतं. इंजिन मी बसवलं होतं, चुकीचं बसवलं होतं. माहा बाप चालवत होता, त्यानं माहा गुन्हा आपल्या अंगावर घेतला."

माणसाने मोबाइल खाली केला. आजींनी आजोबांकडे पाहिलं. मग मुलींच्या आईने अगदी सभ्यपणे विचारलं, आणि हे इंजिन कुणी बसवलं? दादाने तोंड उघडलं, पण ती उत्तराला थांबली नाही. एका मुलीचा हात धरून ती उठली. मग दुसरी उठली, मग आजोबा, मग सगळेच. जार मागे राहिला होता, तो घ्यायला हसतमुख माणूस परत चढला आणि उतरला. काठावर थांबलेल्या पुढच्या लोकांपर्यंत ते पोचले आणि तिथे त्यांचं हळू आवाजात बोलणं सुरू झालं. तीही माणसं मग चहाच्या टपरीकडे वळली.

रंगीत छताखाली रिकाम्या खुर्च्या होत्या आणि इंजिन चालूच होतं. दादा दोर धरून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा बाबांचं जाळी विणतानाचं तोंड दिसलं. माझा राग कमी झाला नव्हता. आत्ता लिहितानाही तो आहे. त्याला समजवायला, पाठीवर हात ठेवायला मी गेले नाही. मी चिखलातून चालत गेले, बोटीत चढले, सगळ्यात पुढच्या खुर्चीवर, लोकांना दिसेल अशी, बसले आणि म्हणाले, चल, सोड दोर.